जोंगाचं चार लिटरचं पेट्रोल इंजिन : ठेवावं की डिझेल बसवावं?

सैन्याच्या डिस्पोजलमधून आलेली जोंगा (लष्करी जीप) किंवा निसान वन-टन (छोटा लष्करी ट्रक) पुण्यात घ्यायची म्हटली, की गाडी बघायच्या आधीच सल्ला येतो: "पेट्रोल काढा, टाटा ४०७ चं डिझेल बसवा, कटकट मिटेल." हे परीक्षण त्या काढून टाकायला सांगितलेल्या इंजिनाचं आहे, आणि त्याच्या जागी बसणाऱ्या डिझेलचंही. निकाल आधीच सांगतो. गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरच्या आत चालणार असेल आणि ब्लॉक-हेड धडधाकट असेल, तर मूळ इंजिन ठेवा. त्याच्यावर खर्च करा, त्याच्या जागी दुसरं आणण्यावर नको. रोज चालवायची असेल, तर डिझेलवाल्यांचं गणित बरोबर आहे. पण मग मुळात जोंगाच घ्यायची का, हा प्रश्न उरतो.

इंजिन निसानच्या 'पी' मालिकेचं. ओळीत सहा सिलिंडर, पुशरॉडचे व्हॉल्व्ह, बोर ८५.७ मिमी, स्ट्रोक ११४.३ मिमी, एकूण ३९५६ सीसी. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून जोंगा बनायला लागली (जोंगा हे नावच तिथल्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलं), तिच्यात आणि वन-टन कॅरिअरमध्ये हेच इंजिन. जोंगात ताकद सुमारे ११० अश्वशक्ती. चार लिटरच्या मानाने आकडा किरकोळ वाटतो. पण बोरपेक्षा स्ट्रोक कितीतरी लांब असल्याने ओढ अगदी खालच्या फेऱ्यांपासून मिळते. तिसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ चालण्याच्या वेगाला गाडी आणून हळूच अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर ती धक्का न देता उचलते. सहा सिलिंडरची ओळ स्वभावतःच तोललेली असते, पिस्टनांचे वर-खाली झोके एकमेकांना खोडतात. त्यामुळे बॉनेटवर ठेवलेलं नाणं सहसा जागचं हलत नाही. चार सिलिंडरच्या डिझेलला हे कितीही चांगलं माउंटिंग दिलं तरी जमणार नाही.

मग असली इंजिनं मागे का पडली? इंधनामुळे, आणि जवळजवळ फक्त इंधनामुळेच. या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते) सात-साडेसातच्या घरात, डिझेलचं सतरा-अठराच्या. शिवाय पेट्रोल इंजिन अर्ध्या भाराने चालताना कार्बोरेटरची थ्रॉटल अर्धवट मिटलेली असते आणि हवा आत ओढण्यातच ताकद वाया जाते. डिझेलला थ्रॉटलच नाही, इंधन तेवढं कमी-जास्त होतं. त्यात एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त. हे सगळं मिळून जोंगा पेट्रोलवर चार ते पाचचं अ‍ॅव्हरेज देते, आणि त्याच गाडीत तीन लिटरचं डिझेल बसवलं की नऊच्या आसपास.

पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरा. पेट्रोलवर साडेचारच्या अ‍ॅव्हरेजने किलोमीटरला २३ रुपये, डिझेलवर नऊच्या अ‍ॅव्हरेजने १० रुपये. फरक १३ रुपये. वर्षाला ६० हजार किलोमीटर धावणाऱ्या मालट्रकला हा फरक सात लाख ऐंशी हजारांचा होतो. असा तोटा कुठला ट्रकमालक सोसेल? वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या जोंगाला तोच फरक २६ हजारांचा. इंजिन, अ‍ॅडॉप्टर, क्लच, रेडिएटर, माउंटिंग, मजुरी मिळून बदलाचे तीन लाख धरले, तर ते वसूल व्हायला साडेअकरा वर्षं लागतील.

ट्रकच्या बाबतीत हा निकाल आपल्याकडे पन्नाशीच्या दशकातच लागायला सुरुवात झाली. तोवर रस्त्यावर शेवर्ले, डॉज, फार्गो, बेडफर्ड, आणि त्यांत पेट्रोलच. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला डिझेल ट्रक काढला, मद्रासच्या सिम्पसनने पर्किन्सची डिझेलं बनवायला घेतली, आणि जुन्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्स पी-सिक्स बसवणं हा धंदाच झाला. पुणे तर डिझेलचंच गाव. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स, आकुर्डीला बजाज टेम्पो, पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स), आणि १९८६ मध्ये तिथूनच ४०७. याचा परिणाम आजही गॅरेजांत दिसतो. पंप-नोझल कॅलिब्रेट करणारा हवा तर भोसरी-निगडीत हाकेच्या अंतरावर मिळतो, पण जुना कार्बोरेटर नीट जुळवणारा माणूस शोधावा लागतो. "डिझेल बसवा" या सल्ल्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. इंजिन वाईट असतं असं नाही, हात सवयीचे नसतात.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं म्हणून तिथे मोठी पेट्रोल इंजिनं जास्त टिकली. जीएमसीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रकसाठी ७०२ घनइंचांचं, म्हणजे साडेअकरा लिटरचं, बारा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन विकलं. फोर्डचं ५३४ घनइंचांचं व्ही-एट १९८० च्या आसपासपर्यंत चाललं. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथलंही गणित फिरलं.

आता गाडी बघायला जाताना काय तपासायचं ते. सोबत कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज न्या. दोन्ही नाना पेठेत मिळतात आणि गाडीच्या किमतीपुढे त्यांची किंमत काहीच नाही. इंजिन गरम करा, सहाही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडी धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर सेल्फ पाच-सहा फेऱ्या मारा. इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात १२०-१३० पीएसआय आलं तर उत्तम. आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोर गेलं, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच मागे असतील, तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलंय असं समजा.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. पुस्तकात निरोगी इंजिनाला आयडलवर १७ ते २१ इंच असं लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे ५६० मीटर उंचावर आहे, इथे दोन इंच वजा करा. काटा १५ ते १९ मध्ये स्थिर असेल तर इंजिन ठीक. काटा ठराविक तालात एकदम खाली जाऊन परत येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सगळाच आकडा खाली पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा मॅनिफोल्ड गॅस्केट हवा खातंय. जोडावर रॉकेलचा बारीक फवारा मारा, आयडल बदललं की गळती सापडली. इंजिन थंड असताना आणि हात सांभाळून, एक्झॉस्ट शेजारीच असतो.

ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. फुसफुस धूर येत असेल, तर हाफ इंजिनचा (बोर आणि पिस्टन-रिंगांच्या कामाचा) खर्च किमतीतून वजा करायला लावा. बोर वाढवायला जागा नसेल तर भोसरीतली मशीन शॉप स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणतात. पिस्टन-रिंगा मात्र आधी हातात घ्या आणि मगच ब्लॉक मशीनवर द्या. ब्लॉक कापून झाल्यावर त्या मापाचा सेट मिळत नाही म्हणून अडकलेल्या गाड्या कमी नाहीत. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी डिस्ट्रिब्युटर कॅप, पाण्याच्या पंपाची बॉडी, कार्बोरेटर असं काही ना काही सापडतं. तिथे रबरी आणि विजेचे सुटे भाग घेऊ नयेत. बीडाच्या आणि पितळेच्या वस्तू घ्यायला हरकत नाही.

बॅटरीची बैठकही बघा. दोन बॅटऱ्या एकीचा धन दुसरीच्या ऋणाला अशा जोडलेल्या असतील, तर प्रणाली २४ व्होल्टची. मग कॉइल, बल्ब, इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट सगळं त्याच व्होल्टेजचं हवं. हल्ली मिळणारे कंडेन्सर भरवशाचे नाहीत, म्हणून पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणं हा या इंजिनावरचा सर्वात पैसावसूल बदल आहे. पॉइंटच ठेवायचे तर फट ०.४५ मिमी आणि प्लगची ०.७ ते ०.८. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. कॅपवरच्या वायरी चुकून अदलाबदल झाल्या तरी सहा सिलिंडरचं इंजिन लंगडत का होईना चालतं, त्यामुळे विकणाऱ्याचं "हिचा आवाजच असा आहे" हे ऐकून सोडून देऊ नका.

खरा त्रास आजच्या पेट्रोलचा. या इंजिनाचा आराखडा शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. देशभर शिसं बंद झालं ते २००० च्या सुरुवातीला. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखा काम करायचा. सीट थेट बीडाच्या हेडमध्येच कापलेली असेल, तर शिशाविना, भार घेऊन चालवल्यावर ती हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खचतो. याची खूण पक्की आहे. टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, कारण व्हॉल्व्ह वर सरकून फट मिटत जाते. एक्झॉस्ट टॅपेट हजार किलोमीटरमध्ये पुन्हा पुन्हा घट्ट होत असतील तर हेड उतरवा आणि सहाही एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या. काम एकदाच करावं लागतं. जे पाच-सहा हजार डिझेल स्वॅपच्या (इंजिनबदलाच्या) रंगकामावर जातात, ते इथे घातले तर इंजिनाचं आयुष्य वाढतं.

दुसरी गोष्ट इथेनॉल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर इंजिन आठेक टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. लक्षणं अशी: थंड असताना अडखळणं, गिअर टाकून उचलताना खोकणं, घाटात तापणं. मेन जेटचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचं म्हणजे व्यास फक्त चार टक्के. १.५० मिमीचा जेट असेल तर १.५६. तारेने भोक मोठं करू नका, जेट रीमर वापरा आणि जुना जेट जपून ठेवा. जास्त रिच केलंत तर पीयूसीला अडाल. इतक्या जुन्या चारचाकी पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि निरोगी निसान इंजिन ती सहज पाळतं.

रबर बदलणं याहून तातडीचं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या व्हायटन (इथेनॉलला टिकणारं रबर) अस्तराच्या घ्या. एसी पंपाचा (इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा) जुना डायफ्रॅम इथेनॉलने फुगतो आणि फाटला तर पेट्रोल सरळ संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन चालूच करू नका. आधी पंप, मग ऑइल. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सुटा करतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांना दर आठवड्याला फिल्टर बघा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या टाकीतली पावसाळी हवा पाणी सोडते, इथेनॉल ते शोषून तळाला बसतं, आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी जमते. ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर पैसे घालवू नका, सातच्या कॉम्प्रेशनला त्याचा काहीही उपयोग नाही. इंजिन ऑइल मात्र ट्रकवाल्यांचंच १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं घ्या. जुन्या पद्धतीच्या कॅम-टॅपेटला लागणारं झिंक त्यात नव्या कारच्या ऑइलपेक्षा जास्त असतं.

उन्हाळ्यात खंबाटकी किंवा वरंधा चढताना हे इंजिन बंद पडलं, तर बहुतेक वेळा कारण व्हेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. एसी पंप ब्लॉकला चिकटून, शेजारी एक्झॉस्ट, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर वाफाळतं. ओला फडका पंपावर ठेवण्याचा जुना उपाय तात्पुरता चालतो. कायमचा उपाय तीन भागांचा: कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर, एक्झॉस्ट आणि पेट्रोलच्या नळीमध्ये पत्र्याची आड, आणि कार्बोरेटरजवळून टाकीकडे परत जाणारी बारीक रिटर्न लाइन, म्हणजे पेट्रोल एका जागी थांबून तापत नाही. तिन्ही एकदम करा.

उतारावर मात्र पेट्रोलच सरस. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल मिटते आणि चार लिटरचं इंजिन व्हॅक्यूमविरुद्ध ओढत गाडीला धरून ठेवतं. ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर सोडली तर ब्रेकला पाय क्वचितच लागतो. थ्रॉटल नसलेलं डिझेल असं धरत नाही, म्हणूनच मोठ्या डिझेल ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो. स्वॅप केलेल्या जोंगात तो कोणी बसवत नाही आणि ब्रेक तर जुने ड्रमच राहतात. डिझेल स्वॅपविरुद्धचा हा सर्वात गंभीर मुद्दा आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

आधीच स्वॅप झालेली गाडी समोर आली तर काय बघायचं? बहुधा टाटांचं ४९७, म्हणजे ४०७ मधलंच इंजिन असेल. चार सिलिंडर, ९७ मिमी बोर, नावातच आलं, २९५६ सीसी. इंजिन स्वतः दणकट, सुटे भाग कुठेही मिळतात, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जोडकामाची. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट नुसती बोल्टांवर आहे की मध्य जुळवणाऱ्या डॉवेल पिनांवर बसवली आहे, हे विचारा. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य ०.१ ते ०.२ मिमीच्या आत जुळला नाही, तर क्लच प्लेटचा हब तुटतो, पायलट बेअरिंग खातं, आणि चढावर गिअर उडी मारतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते का, ऐका. येत असेल तर इनपुट बेअरिंग गेलं, आणि नुसतं बेअरिंग बदलून ते पुन्हा जाईल.

खाली वाका आणि संप बघा. फोर बाय फोरमध्ये पुढचा डिफरन्शियल इंजिनाखालीच असतो. जागा करायला संप कापून उथळ केलेला असेल, तर ऑइल कमी मावतं आणि तीव्र चढावर ऑइल पंपाचा पिकअप कोरडा पडतो. डिफरन्शियल आणि संपमध्ये किमान चार इंच मोकळे हवेत, नाहीतर खड्ड्यात पाटे दबले की संपला पोचा. ब्रेक बूस्टर असेल तर त्याला व्हॅक्यूम पंप दिलाय का? डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळत नाही. चार सिलिंडरच्या कंपनाने रेडिएटरचे ब्रॅकेट, एक्झॉस्टचे टांगे आणि चेसिसवरचं माउंटिंगचं वेल्डिंग तडकतं. तिथे हात फिरवून बघा, ताजा काळा रंग दिसला तर खरवडून बघा.

अ‍ॅक्सल रेशो जुळतोय का, हे घरी मोजता येतं. मागचं एक चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. ४.१ आला आणि टायर ७.५०-१६ असतील (एका फेऱ्यात सुमारे २.४५ मीटर), तर टॉप गिअरमध्ये २८०० फेऱ्यांना ताशी १०० किलोमीटर होतात. डिझेलच्या फेऱ्यांची ती हद्द. ८० च्या पुढे तिला पळवू नये.

कागदपत्रं सर्वात शेवटी लिहिली, तरी बघायची सर्वात आधी. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर गाडी घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत हे स्पष्ट केलं. संगम पुलाजवळच्या आरटीओत पाच वर्षांच्या नूतनीकरणाला गाडी उभी केली, की इंजिन नंबर जुळवला जातोच. अपघातात विमा कंपनी नकार देते तेही याच कारणावरून. मूळ पेट्रोल गाडी इथे निर्धास्त असते.

स्पार्क प्लगचं मोठं इंजिन ट्रकमधून कायमचं गेलं असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये टाटांनी ४०७ सीएनजीवर आणली. ३.८ लिटरचं इंजिन, ८५ पीएस, २८५ न्यूटन मीटर, पुण्यातली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत १२.०७ लाखांपासून. इंजिनाचं आकारमान जवळजवळ जोंगाएवढंच, फक्त इंधन वेगळं. हे बघून जोंगालाच सीएनजी किट लावायचा विचार काही जण करतात. करू नका. कोरडा गॅस सीटला पेट्रोलपेक्षाही जास्त झिजवतो, ताकद दहा टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि त्या मॉडेलसाठी मंजूर किट हातात असल्याशिवाय आरसीवर नोंद होत नाही. ज्यांना गॅसच हवा त्यांनी सरळ ४०७ घ्यावी. जोंगासाठी ते पैसे सीट इन्सर्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि व्हायटनच्या नळ्यांवर घाला, याच क्रमाने.